दोन जीवखडे

माझी पोरगी दगडांची डॉक्टर आहे. असं मी म्हणतो. ती तसं म्हणत नाही, ती भूरसायन असा काहीतरी शब्द वापरते, आणि तो शब्द मी गावात कुणाला सांगितला की समोरचा मान हलवून विषय बदलतो. तिनं डॉक्टरकी मिळवली तेव्हा आमच्या आळीतली एक म्हातारी गुडघा उघडा करून ओसरीवर येऊन बसली होती. पोरीनं तिला सांगितलं की मावशी, मी माणसं तपासत न्हाई, दगड तपासते. म्हातारी म्हणाली, गुडघ्याचा दगडच झालाय, बघ तू. पोरीनं बघितला, दाबला, तेल लावून दिलं. त्यावर म्हातारी खूश. मला मात्र तेव्हापासून आजपर्यंत कळलेलं नाही की दगडाला असं काय होतं ज्यासाठी डॉक्टर लागावा.

हे सगळं मी आता लिहितोय कारण आमची ही गेली. ती असताना पोरीचं काम समजून घ्यायची जबाबदारी तिच्याकडे होती. मी फक्त विचारायचो, काय म्हणती पोरगी, आणि ही मला चार शब्दांत सांगायची. ते चार शब्द मला पुरायचे. आता ते सांगणारं कुणी नाही, आणि पोरगी स्वतः सांगायला बसली की मी दुसऱ्याच वाक्याला हरवतो.

घोटावड्याच्या बाजूला आमचं घर. थोडं शेत राहिलंय, थोडं गेलं, मागं खोल्या बांधल्यात, त्यात कंपनीतली आणि कॉम्प्युटरवाली पोरं भाड्यानं राहतात. गोठा अजून आहे, गुरं नाहीत. पोरगी लहान असताना आम्ही विहीर खोदली. सुरुंग लागला की काळ्या कातळातून आतून पांढरे, हिरवट, काचेसारखे खडे निघायचे. बाकीची पोरं ते एकमेकांना मारायची. ही ते फ्रॉकमध्ये गोळा करून आणायची आणि पिठाच्या डब्यात लपवायची. एकदा भाकरीत खडा आला आणि माझा दात हलला. मी तिला मारायला उठलो तर तिची आई मध्ये आली आणि म्हणाली, खड्याला मारा, पोरीला कशाला. त्या दिवसापासून त्या दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं घरात झालं.

पुढं ती पुण्याला शिकली, मग बाहेरच्या एका थंड देशात गेली. तिथं म्हणे जमिनीतून उकळतं पाणी येतं आणि त्यावर वीज करतात. ती तिथं पाणी बाटलीत भरायची आणि त्या पाण्यात काय काय विरघळलंय ते शोधायची. मी विचारलं, पाणी गरम हाय, वीज हुतीया, मग आत काय हाय त्याचं काय करायचंय? ती म्हणाली, आबा, पाणी खाली कुठल्या दगडातनं फिरून आलं ते त्याच्यावरनं कळतं. मला ते पोलिसाचं काम वाटलं. परत आल्यावर ती कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांच्या मागं लागली. लोक तिथं देवाचं म्हणून अंघोळ करतात, ही तिथं बाटल्या घेऊन. लग्नाचं विचारायचं आम्ही तोपर्यंत सोडून दिलं होतं.

मग हे धुराचं काम आलं. विजेच्या कारखान्यातला धूर, म्हणजे त्यातला जो गॅस वाईट आहे तो, पाण्यात मिसळून खोल आपल्या काळ्या कातळात सोडायचा. तिथं तो कातळाला धरतो आणि त्याचाच दगड होतो, परत वर येत नाही. असं ती म्हणते. आपला मावळचा कातळ त्या कामाला चांगला आहे का, कुठल्या थरात गॅस धरतो, कुठल्या थरात नुसता हिंडतो, हे तिनं सांगायचं. त्यासाठी घाटाच्या बाजूला खोल बोअर घेतलं होतं, आणि नदीनाल्यातले दगडही ती गोळा करायची.

हे मी तिच्या आईकडून ऐकलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. ही चुलीपुढं बसून वांगी भाजत होती आणि फोनवर पोरीला म्हणाली, मग चुलीचा धूर पन पुरता येतो का गं? पलीकडं पोरगी हसली आणि मग गप्प झाली असावी, कारण ही म्हणाली, अगं मी चेष्टा केली. हिला दम्याचा त्रास होता. गॅसची शेगडी घरात होती तरी वांगं आणि भाकरी चुलीवरच, हा तिचा हट्ट.

या कामात मला सगळ्यात जो शब्द नडला तो भागीदारी. पोरगी संस्थेत, पगार संस्थेचा. बोअरचं मशीन आणि खर्च वीज कंपनीचा. जमीन तिसऱ्याचीच. वर सरकार. आणि हे सगळे भागीदार. आता आम्ही भागीदारी पाहिली आहे. माझी आणि माझ्या चुलतभावाची विहिरीच्या पाण्यात भागीदारी होती. पाळी कुणाची यावरून दोन घरांची तोंडं बंद झाली ती त्याच्या मरणापर्यंत. म्हणून मी पोरीला विचारलं, वर काढलेला दगड कुनाचा? ती म्हणाली, प्रकल्पाचा. प्रकल्प कुनाचा? सगळ्यांचा. म्हटलं, सगळ्यांचा म्हंजे कुनाचाच न्हाई, तू बुडणार. तिनं सांगितलं की आबा, सगळं लिहून ठेवलंय, हे जाड बाड हाय. मग फोनवर भांडतीस कशाला, असं मी विचारलं. निम्मा दिवस तिचा कंपनीच्या लोकांना समजावण्यात जायचा की दगडाला घाई करता येत नाही, आणि निम्मा दिवस संस्थेच्या लोकांना, की कंपनीला घाई आहे. घरी आली की ओसरीवर येरझाऱ्या घालत बोलायची. आमच्याशी हाय-न्हाई, फोनवर आहे-नाही, आणि मध्येच इंग्रजी. एका तोंडातनं तीन पोरी बोलताहेत असं वाटायचं.

ही गेली त्या दिवशी पोरगी बोअरवर होती. हिला दवाखान्यात नेलं सकाळी, आणि दुपारी सगळं आटपलं. पोरगी तिच्या कामाच्या मोठ्या गाडीनं सरळ दवाखान्यात आली. गाडी मागं दगडांच्या पिशव्यांनी भरलेली. मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशव्या, सुतळीनं तोंड बांधलेल्या, प्रत्येकीवर निळ्या शाईनं आकडे. आईला घरी कशातून न्यायचं असा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, माझ्या गाडीतनं. ती आधी घरी आली, सगळ्या पिशव्या एकटीनं गोठ्यात उतरवल्या, गाडी धुतली, आणि परत जाऊन आईला घेऊन आली. पुतण्या मदतीला धावला तर त्याला हात लावू दिला नाही.

नदीवर विधी झाले. आम्हाला पोरगा नाही. पुतण्या म्हणाला, मडकं मी धरतो. मी म्हणालो, बायको माझी, मीच धरणार. मग मी खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेऱ्या घातल्या आणि पुतण्या मागून दगडानं मडक्याला भोक पाडत राहिला. पाणी माझ्या पाठीवरून गळत होतं एवढंच मला आठवतं. तो दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात असतो असं आपल्यात मानतात. रोज त्यावर तीळपाणी घालायचं, आणि दहाव्याला सगळ्यांनी तेल-पाणी घालून नदीत सोडायचा. भटजींनी सांगितलं, घरात नेऊ नका, बाहेर नीट जपून ठेवा.

मी तो नवीन पांढऱ्या कापडात बांधला आणि गोठ्यात खुंटीला टांगला. दुसरी जागा कुठली? मागच्या खोल्यांत भाडेकरू, पुढं येणारी-जाणारी माणसं. गोठा शांत होता.

रोज सकाळी मी कापड सोडायचो, खडा ताटलीत ठेवायचो, तीळपाणी घालायचो, परत बांधायचो. त्या वेळी मी हिच्याशी बोलायचो. काय विशेष नाही. कोण येऊन गेलं, भाडेकरूच्या बायकोनं पिठलं-भात आणून दिला, मीठ कमी होतं, असं. पन्नास वर्षं सवय, ती काय एका दिवसात जाते?

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी नदीवरून अंघोळ करून आलो, गोठ्यात गेलो तर खुंटी मोकळी. खाली बघितलं तर पिशव्याही नाहीत. गोठा झाडून नेल्यासारखा.

पोरगी पडवीत भेटायला आलेल्या बायांमध्ये बसली होती. मी दारातूनच विचारलं, गोठ्यातलं कुनी नेलं? ती म्हणाली, कंपनीची गाडी आलती, सॅम्पल न्यायला. मी डायवरला फोनवर सांगितलं, गोठ्यात पांढऱ्या पिशव्या हायेत, सगळ्या घे. एवढं बोलून ती थांबली. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. ती उठली तेव्हा तिच्या मांडीवरचं कुणाचं तरी लहान मूल घसरलं आणि रडायला लागलं.

"आबा, तुमी आईला कशात बांधलं होतं?"

"पांढऱ्या कापडात."

ती चपला न घालताच गाडीत बसली. मीही बसलो. सुतकात मी असा डोकं तासलेला, उघड्या अंगावर उपरणं, पायात काही नाही. पुतण्या मागं बसला, कारण दगड त्यानं उचलला होता आणि ओळखला तर तोच ओळखणार असं मला वाटलं. मी त्याला विचारलं, कसा हुता रं खडा? तो बराच विचार करून म्हणाला, काळा. मी म्हणालो, नदीतला समदा दगड काळाच हाय, मुडद्या. तो म्हणाला, आबा, हाताला आला तो उचलला, मी काय त्याचा फोटो काढला का.

पोरगी गाडी चालवताना फोनवर फोन लावत होती. कुणी उचलत नव्हतं. मी विचारलं, तितं नेऊन काय करत्यात दगडाचं? ती म्हणाली, वाळवत्यात. मग? तिनं आणखी एक फोन लावला. परत विचारलं तेव्हा म्हणाली, मग भुगा करत्यात, पिठासारका. दुपारनं मशीन लावत्यात. मी बाहेर बघत बसलो. हिंजवडीच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती आणि आमच्या शेजारच्या गाडीतला एक पोरगा कानाला काहीतरी लावून गाणं ऐकत मान हलवत होता. त्याच्या मानेकडं बघून मला वाटलं की याला खाली ओढावं. त्याचा काय दोष होता, काही नाही.

कंपनीच्या फाटकावर वॉचमन. माझा अवतार बघून तो मला आत सोडेना. पोरगी गाडी लावायला गेली होती. तो मला हिंदीत विचारत होता, किससे मिलना है, बाबा? मी म्हणालो, बायकोला. त्यानं विचारलं, मॅडम कौनसे डिपार्टमेंट में है? मी सांगितलं, ती दगडात हाय. तो पुतण्याकडं बघायला लागला. पुतण्या चपळ, पण त्या वेळी त्याला काय बोलावं सुचेना, तो म्हणाला, सही बोल रहे है. शेवटी पोरगी पळत आली आणि वॉचमनला काहीतरी म्हणाली, आणि त्यानं टोपी काढली. काय सांगितलं तिनं त्याला कुणास ठाऊक.

आत थंड होतं. माझ्या पायाला ती फरशी बोचत होती. एका लांब खोलीत स्टीलच्या ताटांत दगड मांडलेले, प्रत्येक ताटाला चिठ्ठी. पलीकडं काचेआड ते मशीन. बंद होतं. पोरीनं आधी मशीनकडं बघितलं आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

तिथं जो साहेब होता तो तरुण, विदर्भाकडचा, बोलायला नरम. पोरगी त्याच्यापेक्षा मोठी, मॅडम मॅडम करत होता. तिनं विचारलं, एक पिशवी बिनआकड्याची होती, लहान. तो म्हणाला, हो मॅडम, आकडा पुसला गेला असेल वाटलं मला. दगड गोलसर होता, नदीतला दिसला, म्हणून नदीच्या ताटात टाकला. मग त्याच्या लक्षात माझं तासलेलं डोकं आलं असावं. त्यानं विचारलं, काय झालं काका? मी म्हणालो, माजी बायको हाय ती. पोरीनं त्याला दोन वाक्यांत समजावलं. तो चटकन पायातले बूट काढून बाजूला झाला. तेवढं मात्र मला आवडलं.

नदीचं ताट समोर आलं. त्यात आमच्याच नदीतले दगड. पोरीनंच गेल्या महिन्यात घाटापासून वरपर्यंत हिंडून उचललेले. मी बघत बसलो. सगळे काळे, सगळे गोल, सगळे हातात मावणारे. मला वाटलं होतं की बघितला की कळेल. इतके दिवस रोज हातात घेतला होता. पण मी त्याच्याकडं कधी बघितलंच नव्हतं, बोलत होतो ते तिच्याशी, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तीच होती, दगड कुठं होता? पुतण्यानं एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, ठेवला, आणि म्हणाला, आबा, समदे तेच हायेत.

मग पोरीनं काम सुरू केलं. मी तिला काम करताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्याला एक लहानसं भिंग लावून ती एकेक दगड फिरवायची, नाकाजवळ न्यायची, कधी जिभेचं टोक लावायची. मला घरातली पिठाच्या डब्यात हात घालणारी पोरगी दिसली आणि दिसली नाही पण. ती म्हणत होती, याच्यात मोठे पांढरे ठिपके, हा वरच्या थरातला, खाली आपल्या घाटावर येत न्हाई, हा न्हवं. हा लई जड, हा न्हवं. एकेक करून बाजूला. मी विचारलं, तू काय शोधतीयास? ती म्हणाली, "मडक्याचा लाल. ह्या खड्यानं मडकं फोडलं, मडक्याची माती त्याला लागली असंल."

मला वाटलं, मग सुटलो.

शेवटी दोन राहिले. दोन्हीवर लालसर डाग होता. पोरगी त्या दोघांकडं आलटून पालटून बघत होती, खूप वेळ. मग सांगितलं की एकावर मडक्याची माती असंल आणि दुसऱ्याचा तो स्वतःचाच गंज, दगडातलं लोखंड पाण्यानं गंजतं तसा. नुसत्या डोळ्यानं सांगता येत न्हाई. मी विचारलं, का येत न्हाई? तू डाक्टर हायेस ना. ती खाली मान घालून म्हणाली, "तुमी रोज पाणी घातलं, आबा. धुऊन गेलं."

तुम्ही सांगा, मी पाणी घालायचं नाही तर काय करायचं? भटजींनी सांगितलं, घाला, मी घातलं. आता तेच आडवं आलं. मला कुणाचा राग करावा ते कळेना. डायवरला शिव्या देऊ, तर त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. पोरीला बोलू, तर ती आधीच अर्धी झालेली. मी एका स्टुलावर बसलो. ते फिरणारं होतं, त्यामुळं मी बसल्या बसल्या भिंतीकडं तोंड करून गेलो.

पोरगी माझ्यामागं येऊन उभी राहिली. म्हणाली, एक रस्ता हाय. त्या लालातलं थोडं खरवडायचं, तपासायच्या मशीनमध्ये टाकायचं, कळतं कुठली माती हाय. केसाएवढं. तासाभरात सांगते.

मी विचारलं, "तुज्या आईला खरवडनार?"

तो साहेब म्हणाला, काका, अगदी थोडंसं लागतं, दिसणारसुद्धा नाही. मी त्याला म्हणालो, तुमच्या आईचं खरवडा थोडंसं. मी असं बोलायला नको होतं, पण मी बोललो. दवाखान्यात हिला सुया टोचून टोचून हात काळा केला होता. आता परत टोचायचं? ते मला जमणार नव्हतं.

"मग आबा, मला सांगता येणार न्हाई. तपासल्याशिवाय मी कदी कुनाला काय सांगितलं न्हाई."

"नको सांगू. दोनी घे."

हे एवढं सोपं मला वाटलं, आणि तिथूनच तंटा झाला. कारण दोघांतला एक प्रकल्पाचा. त्या नरम साहेबानं तोंड वाकडं करून सांगितलं की मॅडम, नदीचे नमुने सगळ्या भागीदारांच्या नावावर मोजून आहेत, एक कमी झाला तर वर विचारतील. तुम्हीच तो नियम केला होता. पोरगी म्हणाली, हो, मीच केला होता. मग त्यानं त्याच्या वरच्याला फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडून एक माणूस इंग्रजीत बोलायला लागला, न थांबता. पोरगी ऐकत होती. आधी ती पण हळू बोलली, मग तिचा आवाज चढला. मला त्यातला एकच शब्द कळला, मदर. तो तिनं दोनदा वापरला. पलीकडचा माणूस काहीतरी एक शब्द बोलला आणि फोन बंद.

मी विचारलं, काय म्हनला? ती म्हणाली, सॉरी म्हनला. म्हंजे न्यायचं का न्हाई? न्यायचं. तिनं एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून सही केली, दोन्ही दगड एकेक करून आपल्या ओढणीत घेतले, आणि आम्ही निघालो. नरम साहेब आमच्या मागं फाटकापर्यंत अनवाणी आला.

येताना गाडीत पुतण्याला झोप लागली. मी पोरीला मध्येच विचारलं, त्यो दुसरा दगड हुता त्याच्यानं तुजं काम आडंल का? ती म्हणाली, नदीच्या हिशेबात एक भोक राहील, तेवढ्याचं काय ते कळणार न्हाई. आणखी एक आणता येईल की, मी म्हणालो. तिनं मान हलवली, म्हणजे हो की नाही ते मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहावा. घाटावर आमची सगळी माणसं. केळीच्या पानावर मी दोन खडे शेजारी शेजारी ठेवले. आधी कुणी बघितलं नाही. मग हिची थोरली बहीण पुढं आली, तिला डोळ्यांनी कमी दिसतं पण असलं बरोबर दिसतं. ती मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणं, दोन बायका हुत्या व्हय तुमाला? आमाला एकच ठावं हुती."

माणसं हसली आणि हसू दाबायला लागली. मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही. ही असती तर सगळ्यांत जास्त हसली असती. मी खरं ते सांगितलं, काय झालं, कसं झालं. थोरली म्हणाली, म्हंजे आमची बहीन भुगा हुनार हुती? आणि पदर तोंडाला लावून बसली.

भटजी म्हणाले, अश्मा, म्हणजे जीवखडा, एकच असतो, दोन चालत नाहीत. मी म्हणालो, मग तुमी सांगा कुठला, तुमी सांगाल त्यो ठेवतो. भटजींनी वाकून बघितलं. या बाजूनं, त्या बाजूनं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, चला, दोन्हीवर घाला, उशीर होतोय.

पिंड ठेवायची वेळ आली. कावळा शिवायला वेळ लागतो, लोक सावलीत बसतात, गेलेल्याची कसली इच्छा राहिली होती ती आठवून शब्द देतात, हे मला माहीत होतं. मी काय शब्द द्यायचा ते घोकून ठेवलं होतं. पण मी भात खाली ठेवून हात काढतो न काढतो तोच कावळा आला, भात घेतला आणि गेला. कुणाला काही बोलायची संधीच नाही. सगळे म्हणाले, बाई समाधानानं गेली, काही इच्छा राहिली नव्हती. मला तेही पटेना. पन्नास वर्षं माझ्यासोबत काढून बाईला काहीच इच्छा राहिली नव्हती, असं कसं? एवढी घाई कुठं होती तिला जायची?

मग एकेकानं येऊन दोन्ही खड्यांवर तेल घातलं, पाणी घातलं. पुतण्यानं घातलं. थोरलीनं घातलं, तिला नीट दिसत नव्हतं म्हणून एकावर जास्त आणि एकावर कमी पडलं. शेवटी मी आणि पोरगी. बायकांनी नदीत उतरायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं, पोरीनं ऐकलं नाही, ती गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन्ही खडे तेलानं चकचकत होते. एक मी घेतला, एक तिनं. आम्ही एकदमच सोडले. पाणी काही फार खोल नव्हतं, पण गढूळ होतं, सोडले तसे दिसेनासे झाले.

लोक काठावर आवराआवर करायला लागले. आम्ही दोघं अजून पाण्यातच. मी तिला हळू आवाजात विचारलं, आता तर झालं, आता सांग, तुला खरंच कळलं नव्हतं का कुठला ते?

ती पाण्याकडं बघत होती. तशीच म्हणाली, "वाटत हुतं. तुमच्या हातातला."

"नक्की?"

"नक्की न्हाई, आबा. वाटत हुतं. वाटणं म्हंजे कळणं न्हवं."

मी तिला सांगितलं नाही, पण मला आदल्या दिवसापासून दुसरा वाटत होता. तिच्या हातातला. म्हणूनच घाटावर तो मी तिच्याकडं सरकवला होता, की आईला शेवटी पोरीनं सोडावं. आणि मला वाटतं, तिनंही तसंच काहीतरी मनात धरून दुसरा माझ्याकडं सरकवला असावा. आता दोघांतलं कोण बरोबर ते सांगायला नदीत उतरलं तरी उपयोग नाही, तळाशी तसले लाख पडलेत.

पायाखालची वाळू सरकायला लागली तशी तिनं माझा दंड धरला, आणि आम्ही बाहेर आलो.